कुठला घाट?

आबा गेले त्याच्या आठव्या दिवशी काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला : 'दशक्रिया रविवारी सकाळी आठ वाजता, घाटावर. सगळ्यांनी वेळेत यावे.' पाच मिनिटांत चुलत बहिणीचा मला वेगळा मेसेज आला. ती घाटकोपरला जन्मली, तिथंच वाढली. 'घाटावर म्हणजे खंबाटकीत? हायवेवर करतात का हे?'

सुतकातल्या घरात हसायचं नसतं. मी परड्यात जाऊन हसून आलो.

तिची चूक म्हणावी तर नव्हतीच. आमचं गाव खंडाळ्याजवळ. सिनेमातल्या गाण्यात येतो तो खंडाळा नव्हे, तो लोणावळ्याच्या शेजारचा. आमचा सातारा जिल्ह्यातला, पुणे-बंगळूर हमरस्त्यावरचा. शिरवळ, लोणंद, सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव ही सगळी याच तालुक्यातली गावं. दोन्ही खंडाळ्यांत एक गोष्ट मात्र सारखी आहे, ती म्हणजे दाराशी घाट. त्यांच्याकडं बोरघाट, आमच्याकडं खंबाटकी. जुनी माणसं खामटकी म्हणतात. आमच्या बोलण्यात 'घाट' म्हटलं की दुसरं काही येतच नाही. घाट लागला, घाट उतरला, घाटात ट्रक आडवा झालाय, घाटात लिंबू हुंगत बस म्हणजे मळमळणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीला मुंबईहून येणाऱ्या पोरीनं घाट पाहिला तो एवढाच.

काकांचा घाट मात्र वाईचा होता, कृष्णाकाठचा. म्हणजे रविवारी आम्ही एक घाट चढून उतरून दुसऱ्या घाटावर जाणार होतो. अंतर वीस-बावीस किलोमीटर आणि मधे एकच शब्द, दोनदा.

हा घोटाळा मला नवा नव्हता. पुण्यात शिकताना माझ्या खोलीत बनारसचा एक मुलगा राहायचा. पहिल्याच आठवड्यात मी त्याला सांगितलं, 'गाँव जाते समय घाट में मुझे उल्टी होती है.' तो गंभीर झाला. त्याच्या डोळ्यांसमोर दशाश्वमेध, आरती, गर्दी आणि पायऱ्यांवर ओकणारा मी. थोड्या वेळानं म्हणाला, 'तो घाट पे जाते क्यों हो?' मी म्हटलं, दुसरा रस्ताच नाही. आमची मैत्री तिथून सुरू झाली. मलाही लहानपणी दिल्लीचा राजघाट हा डोंगरातला एखादा रस्ताच वाटायचा. गांधीजींची समाधी रस्त्याच्या कडेला का बांधली असेल, याचं कोडं बरेच दिवस होतं.

उत्तरेकडं घाट म्हणजे पाण्याशी उतरायची जागा. गंगेच्या कडेनं सगळीकडं हाच अर्थ. हिंदी माणूस घाटाघाटाचं पाणी पितो, तिथं आपला माणूस बारा गावचं पाणी पिऊन येतो. धोब्याचं कुत्रं घरचंही नसतं आणि घाटाचंही नसतं. कुणाला ठार केलं तर 'मौत के घाट' उतरवलं. बंगालीत 'खेयाघाट' म्हणजे नावेचा तर. ढाक्याचं सदरघाट हे तर मोठं नदीबंदरच आहे, तिथं पायऱ्यांपेक्षा लाँचच जास्त. त्याच बंगालीत चूक कबूल करताना 'घाट हयेछे' म्हणतात, पण तो घाट वेगळा असावा, 'कमी पडणं' याच्या कुळातला. आवाज सारखा म्हणून गोत एक धरायचं नाही, हा या खेळातला पहिला नियम. लिबियाच्या वाळवंटात घात नावाचं गाव आहे. त्याचाही आपल्याशी काही संबंध नाही.

संस्कृत कोशांत शब्द येतो तो 'घट्ट'. अर्थ, नदीकाठची उतरायची, नाहायची जागा. आणि त्याला चिकटून अजून एक अर्थ येतो जो मला फार आवडतो : जकात घ्यायची जागा. 'घट्टकुटी' म्हणजे घाटावरची नाकेदाराची झोपडी. संस्कृतात एक लौकिक न्याय आहे, 'घट्टकुटीप्रभातन्याय'. गोष्ट अशी की एक गाडीवान जकात चुकवायची म्हणून रात्रीच निघतो. आडवाटा धरतो, अंधारात भटकतो, बैल दमवतो, आणि पहाटे उजाडतं तेव्हा बघतो तर आपली गाडी नेमकी जकातीच्या झोपडीसमोर उभी. जे टाळायला एवढा खटाटोप केला तेच समोर उभं राहिलं की शास्त्री मंडळी हा न्याय सांगतात. खेड शिवापूर आणि आनेवाडी या दोन टोलनाक्यांमध्ये राहणाऱ्या आम्हा लोकांना हा न्याय कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता प्रश्न असा की पाण्याकाठच्या पायऱ्यांचा शब्द डोंगरावर कसा चढला? की आधी डोंगरावर होता आणि मग पाण्यात उतरला?

राल्फ टर्नर यांनी भारतीय आर्यभाषांचा मोठा तौलनिक कोश केला, १९६६ साली छापलेला. त्यात काश्मिरीपासून मराठीपर्यंतची भावंडं एकाच 'घट्ट'खाली येतात. दुसरीकडं काही अभ्यासकांना हा शब्द मुळात द्राविडी वाटतो. त्यांच्या बाजूनं बोलायलाही पुष्कळ आहे. तेलुगूत 'गट्टु' म्हणजे नदीचा काठ, बांध, आणि टेकडीसुद्धा. कन्नडात 'कट्टे' म्हणजे बांधलेला ओटा किंवा बंधारा. आपला गप्पांचा कट्टा तिथूनच आला. 'घट्ट' हा शब्द कन्नडात डोंगररांगेला सर्रास वापरतात. 'घट्टद मेले' म्हणजे घाटावर, 'घट्टद केळगे' म्हणजे घाटाखाली. आपल्याकडं देश आणि कोकण, तिकडं वर मलनाड-मैदान आणि खाली किनारा, भांडण तेच. याच शब्दाला दक्षिणेत अजून एक पालवी फुटलीय. कन्नड, तेलुगू, मल्याळममध्ये 'घट्ट', 'घट्टम्' म्हणजे टप्पा. एखाद्या कामाचा शेवटचा टप्पा, गोष्टीतला एखादा प्रसंग. घाट चढताना माणूस टप्प्याटप्प्यानंच जातो, त्यामुळं हे मला मुळीच परकं वाटलं नाही.

मूळ आर्य की द्राविडी, हा वाद माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. पण पाणी आणि डोंगर हे दोन अर्थ एका शब्दात का नांदले, याचा एक पुरावा मला आपल्याच बोलीत सापडतो. 'उतार' हा शब्द बघा. रस्त्याला उतार असतो. आणि नदीलाही उतार असतो. पूर ओसरला, नदीला उतार मिळाला, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी जागा झाली. म्हणजे डोंगराचा उतार आणि नदीचा उतार मराठी माणसानं एकाच शब्दात बसवलेत, कुणाला त्यात विचित्र वाटत नाही. 'तीर्थ' हा शब्दही मुळात तरून जायच्या जागेचाच. चालणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर डोंगर काय नि नदी काय, दोन्ही आडवे पडलेले अडथळे. सगळीकडून ओलांडता येत नाहीत. एखाद्याच ठिकाणी वाट मिळते. मग सगळी माणसं, बैल, गाढवं तिथंच गोळा होतात. आणि जिथं सगळे गोळा होतात तिथं कुणीतरी झोपडी घालून पैसे मागायला बसतो.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात हे डोळ्यांनी दिसतं. कोकणातल्या बंदरांकडून देशावर चढणारी ही वाट सातवाहनांच्या काळातली. वर लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्यात यज्ञ आणि दक्षिणांची लांबलचक यादी. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सगळेच सांगतात. रांजणाचं खरंखोटं बाजूला ठेवा. पण 'घाट' म्हटल्यावर लोकांना पहिल्यांदा पैसे आठवावेत, यात घट्टकुटीतला नाकेदार अजून जागा आहे.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला. त्याच वर्षी जानेवारीत आमच्या तालुक्यात सावित्रीबाई जन्मल्या, म्हणून मला हे साल पाठ आहे. या कोशात 'घाट' उघडला की डोंगरवाट आणि नदीच्या पायऱ्या शेजारी शेजारी दिसतातच, शिवाय घडण आणि बेत हेही. वस्तूचा घाट, म्हणजे तिचा आकार, घाटदार लोटा. लग्नाचा घाट घातला, म्हणजे मोठं काम अंगावर घेतलं. हे दोन्ही 'घडणे'च्या घराण्यातले. मग हरभऱ्याचा घाटा आहे, ज्यात घाटेअळी पडली की माझे वडील रात्री जेवत नाहीत. ढवळून केलेला नाचणीचा घाटा आहे. एवढे सगळे अर्थ एका घरात, आणि मराठी माणूस कधी अडखळत नाही.

अडखळले ते समुद्रातून आलेले लोक.

पोर्तुगीज कोकणात उतरले, तेव्हा पूर्वेकडं बघितलं की समोर एक भिंत. वर कसं जाता? लोक म्हणाले, घाटानं. कुठून आलात? घाटावरून. त्यांनी ऐकलं आणि त्या सगळ्या भिंतीलाच 'गाट' म्हणू लागले. सोळाव्या शतकातल्या त्यांच्या लिखाणात 'बालागाट' येतं. 'बाला' हे फारसी, वरचं या अर्थी. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. पुढं इंग्रजांनी तेच उचललं. जुन्या इंग्रजी कागदांत 'घॉट्स' दिसतं, 'गेट्स'सुद्धा दिसतं, आणि इंग्रजी वाचकाला ते सह्याद्रीचे दरवाजे वाटले असतील तर त्याला बोल लावता येत नाही. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा गमतीदार कोश काढला. त्यात त्यांनी हे नोंदवलंय : घाट म्हणजे डोंगरातली वाट, अख्ख्या डोंगररांगेला घाट म्हणणं ही युरोपियनांची करणी.

म्हणजे दाराचं नाव भिंतीला पडलं. आणि मग तेच नाव उलटं आपल्या शाळेच्या पुस्तकात आलं, 'पश्चिम घाट'. सह्याद्री होताच की आपल्याकडं. तमिळ लोकांनी हा उसना शब्द नाकारून 'मेऱ्कुत् तोडर्च्ची मलै' असं स्वतःचं नाव ठेवलं, पश्चिमेची सलग डोंगररांग. मल्याळी आणि कन्नड मंडळींनी मात्र घट्टच ठेवला. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, एकोणचाळीस ठिकाणं निवडली. त्यात साताऱ्याचं कास पठार आहे. सपाट पठार, आणि ते 'घाटा'त. भूगोलाच्या सरांना मी हे विचारलं होतं; त्यांनी मला बाकावर उभं केलं.

इंग्रजी जहाजांतून हा शब्द आणखी कुठवर गेला हे वाचून मी थक्क झालो. वेस्ट इंडीजमध्ये माँटसेरात नावाचं छोटं बेट आहे. तिथं डोंगरातून समुद्राकडं उतरणाऱ्या घळीला 'घॉट' म्हणतात, उच्चार 'गट'च्या जवळचा. त्यातल्या एका घळीबद्दल म्हण आहे की तिथलं पाणी प्यालं की माणूस पुन्हा त्या बेटावर परत येतोच. हा शब्द भारतातून गेला असावा असं मानतात. खरं असेल तर त्या बेटावर पाणी आणि डोंगर दोन्ही अर्थ पुन्हा एका जागी आले.

हिंदीनं अजून एक उलटापालट केलीय. आपल्याला घाटी म्हणजे चढणीची वाट. हिंदीत घाटी म्हणजे दरी, खोरं. काश्मीर घाटी. हल्दीघाटी ही प्रत्यक्षात अरवलीतली अरुंद खिंड आहे, पण आज ऐकणारा तिथं खोरंच कल्पतो. हिंदीवरून भाषांतर केलेल्या मराठी बातम्यांत 'घाटीत बर्फवृष्टी' असं येतं, तेव्हा माझ्या आजीला बर्फ डोंगरमाथ्यावर दिसतो आणि बातमी देणाऱ्याला तळाशी. संभाजीनगरात तर घाटी म्हणजे सरकारी दवाखाना. 'त्याला घाटीत नेलंय' हे वाक्य मराठवाड्यात ऐकलं तर काळजी करायची.

मुंबईतली घाटी मात्र वेगळी.

आबा साठच्या दशकात गिरणीत लागले. लालबागला गावच्या पोरांची एक खोली होती. पाळीप्रमाणं झोपायचं, खानावळीत जेवायचं, महिन्याला मनिऑर्डर. साच्यावर त्यांच्या शेजारी रत्नागिरीकडचा एक माणूस होता. तो आबांना 'ए घाट्या' म्हणून हाक मारायचा. आबा त्याला 'ए कोकण्या'. त्यात विष नव्हतं. घाटी म्हणजे घाटावरचा, कोकणी म्हणजे घाटाखालचा. पत्ता सांगावा तसं. भाकरी आणि भात एकमेकांच्या डब्यातून खायचे. आबा असं सांगायचे की एकदा दोघं मिळून कापड घ्यायला एका दुकानात गेले. दुकानदार आतल्या पोराला ओरडला, 'ते दोन घाटी उभे आहेत, बघ त्यांना काय पाहिजे.' त्यावर रत्नागिरीकर भडकला, 'मी घाटी नाय, मी कोकणातला!' दुकानदाराला कळेचना हा का चिडला. त्याच्या लेखी डोक्यावर टोपी आणि खिशात पगाराची पुडी असलेला प्रत्येक मराठी माणूस घाटी.

ही गोष्ट आबा हसत हसत सांगायचे, आम्हीही हसायचो. शेवटच्या आजारपणात एकदा त्यांनी ती पुन्हा सांगितली आणि पुढं एक वाक्य जोडलं, जे आधी कधी जोडलं नव्हतं. 'त्याला घाटी म्हटल्याचा राग आला नव्हता रं. माझ्याबरोबर मोजल्याचा आला होता.'

गोव्यातही हा शब्द असाच फिरतो, 'घाटी' किंवा 'घांटी'. घाटावरून कामाला आलेल्या मजुराला, मग तो मराठी असो की कन्नड. पत्त्याची शिवी व्हायला फार काही लागत नाही. वरून येणारा माणूस गरीब असला आणि ओझी उचलत असला की झालं. आणि घाट तरी कुणी काढले? बोरघाटात गाडीरस्ता १८३० साली झाला, रेल्वे १८६३ साली चढली. ते कातळ फोडणारे हजारो मजूर होते. गोऱ्या साहेबाला वाट सापडेना, ती शिंगरोबा नावाच्या धनगरानं दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी दंतकथा आहे. बोरघाटात त्याचं मंदिर आहे, ड्रायव्हर तिथं नाणी टाकतात. पुन्हा घाट, पुन्हा नाणी.

१९८२ चा संप झाला. आबा वर्षभर वाट बघून गावी परतले, खोलीतली ट्रंक आणि पितळी तांब्या घेऊन. काका तिकडंच चिकटून राहिले, घाटकोपरला.

रविवारी पहाटे आम्ही दोन गाड्या करून निघालो. चुलत बहीण माझ्याशेजारी बसली होती. खंबाटकी चढताना तिनं विचारलं, 'मग हा घाट आणि तो घाट एकच शब्द?' मी वर लिहिलंय त्यातलं थोडंफार सांगितलं. कॉलेजात तिच्या डब्यातल्या ठेच्याला मैत्रिणी 'सो घाटी' म्हणायच्या, हे तिनं तेव्हा सांगितलं. 'मला वाटायचं घाटी म्हणजे गावंढळ. मीही म्हणायचे, दुसऱ्यांना.' मी तिला घाटकोपर म्हणजे काय ते विचारलं. घाटाचा कोपरा, असं सांगतात. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

खरं म्हणजे खंबाटकी हा काही कोकणात उतरणारा घाट नाही. दोन्ही बाजूंना देशच. तो फक्त दोन खोरी वेगळी करतो. उत्तरेला पडलेला पाऊस नीरेला जातो, दक्षिणेला पडलेला कृष्णेला. नीरा नरसिंगपूरला भीमेत मिसळते आणि भीमा पार रायचूरजवळ कृष्णेला मिळते. माथ्यावर एका दगडावर पडलेले दोन थेंब तिथंच फुटले तर पुन्हा भेटायला त्यांना कर्नाटकात जावं लागतं.

वाईला गणपती घाटावर पोचलो तेव्हा ऊन नुकतं पायऱ्यांवर आलं होतं. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं, मागची भिंत माशासारखी निमुळती, पुराचं पाणी कापायला. थोडं वर मेणवलीला नाना फडणविसांचा घाट आहे. 'स्वदेस' सिनेमात तो दिसतो, आणि तिथली घंटा चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतली, पोर्तुगीज चर्चची. म्हणजे ज्यांनी आपल्या डोंगराला घाट म्हटलं त्यांची घंटा आपल्या नदीच्या घाटावर टांगलेली. पेशवाईतल्या लोकांनी असे घाट इथं बांधले तसे काशीतही बांधले; अहिल्याबाईंच्या, शिंद्यांच्या, भोसल्यांच्या नावाचे घाट तिथं अजून आहेत. बनारसच्या माझ्या मित्राच्या घाटांपैकी बरेचसे घाटी लोकांनी बांधलेत, हे त्याला मी फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला, 'तो उल्टी क्यों करते थे?'

गुरुजींनी पिंड मांडले. कावळा लवकर शिवेना. काका दर्भ हातात धरून म्हणाले, 'आबा, खोलीचं भाडं मी भरलंय.' ते काय होतं कुणालाच कळलं नाही, पण त्यावर कावळा शिवला. रत्नागिरीकडचे ते साथीदार वारलेत की आहेत, आम्हाला माहीत नव्हतं. त्यांच्या घरी कळवायला हवं होतं, असं वडील दोनदा म्हणाले.

अकराच्या सुमारास परत निघालो. सुरूर फाट्यावर हमरस्त्याला लागलो. बहिणीनं हौसेनं खिडकी खाली केली, फोन बाहेर धरला, व्हिडिओ काढायला. गाडी बोगद्यात शिरली. पिवळे दिवे, पंख्यांचा आवाज, मिनिटभरात पलीकडं उजेड आणि समोर खंडाळा.

'घाट कुठं गेला?' ती म्हणाली.

पुढच्या सीटवरून काकांनी मागं न बघता सांगितलं, 'पुण्याकडं जाताना लागत नाही. फक्त येताना चढायचा.'